पुणे–अलिबाग–पुणे, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात खरंच जमतं का? की नुसतीच दमछाक?

जमतं. वाकड-हिंजवडीकडून निघालात तर अलिबाग साधारण १२५ ते १३० किलोमीटर, स्वारगेट-कात्रजकडून १४५ च्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर न थांबता पावणेतीन ते सव्वातीन तास. मध्ये चहा-नाश्ता धरला तर साडेतीन. म्हणजे जाऊन-येऊन सात तास गाडीत आणि सात-आठ तास अलिबागेत, हा हिशेब पटत असेल तर निघा. दमछाक होते ती अंतरामुळे नाही. सकाळी आठला निघून, दुपारी एकला भर उन्हात आणि भर भरतीत किनाऱ्यावर पोचणाऱ्यांची ती होते.

मग निघायचं किती वाजता?

याचं उत्तर घड्याळात नाही, समुद्रात आहे. अलिबागेत पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे कुलाबा किल्ला. तो पाण्यात आहे आणि ओहोटीलाच पायी जाता येतं. म्हणून आधी त्या दिवसाची ओहोटी पाहा, तिच्या तासभर आधी किनाऱ्यावर असाल अशा बेताने निघण्याची वेळ काढा, आणि जेवण, बाजार, पोहणं तिच्या मागेपुढे बसवा. लोक नेमकं उलटं करतात. सुट्टी ठरवतात, हॉटेल ठरवतात आणि किनाऱ्यावर गेल्यावर टांगेवाल्याला विचारतात, “पाणी कधी उतरणार?” तो सांगतो, “संध्याकाळी.”

ओहोटीची वेळ कशी काढायची?

नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. मुंबईच्या वेळा अलिबागला जवळपास तशाच लागू पडतात, फरक पडलाच तर काही मिनिटांचा. ॲपमध्ये ‘अलिबाग’ सापडलं नाही तर ‘मुंबई’ पाहा.

तक्ता हाताशी नसेल तर भिंतीवरचं कालनिर्णयही चालतं. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, आली ती भरतीची वेळ. तीत सव्वासहा तास मिळवा, आली ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथी प्रतिपदेपासूनच मोजायची.

पंचमीचं उदाहरण घ्या. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तेव्हा पहाटे पावणेचारला भरती. अधिक सव्वासहा तास, म्हणजे सकाळी दहाला पूर्ण ओहोटी. द्वादशीला भरती सकाळी नऊला आणि ओहोटी दुपारी सव्वातीनला. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अष्टमी-नवमीला तर तासभरही चुकतो. तारीख निवडायला तो पुरेसा आहे. निघायच्या आदल्या रात्री मात्र तक्ताच बघा.

अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. तोच दिवस सगळ्यात सोयीचा नाही का?

इथेच बहुतेक जण फसतात. वेळ सोयीची, पण पाणी नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा चढतंही बेताचं, उतरतंही बेताचं. मुंबईत अपोलो बंदराच्या मोजमापात उधाणाच्या ओहोटीला पाण्याची सरासरी पातळी ०.७६ मीटर असते आणि भांगाच्या ओहोटीला १.८६ मीटर. म्हणजे ‘पूर्ण ओहोटी’ दोन्हीकडे, पण भांगाच्या वेळी साडेतीन फुटांहून थोडं अधिकच पाणी जास्त. त्या दिवशी बारा वाजता किनाऱ्यावर उभं राहिलात तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी दिसेल आणि टांग्यातूनच जावं लागेल. भांग अष्टमीनंतरही एक-दोन दिवस रेंगाळतो, त्यामुळे नवमी-दशमीलाही फार आशा धरू नका.

उलट ऐन पौर्णिमा-अमावास्येला पाणी छान उतरतं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पुण्याहून सहाला पोचायचं तर रात्री अडीचला निघा, आणि संध्याकाळी सहाला किल्ल्यात शिरायची वेळ टळलेली असते.

म्हणून मधल्या तिथ्या धरा. तृतीया ते षष्ठी या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. द्वादशी-त्रयोदशीला ती दुपारी सव्वातीन ते चारला. महिन्याला दोन पक्ष, म्हणजे असे चार तुकडे मिळतात. त्यांतला एखादा बहुधा शनिवार-रविवारी पडतो. आमची पसंती तृतीया ते षष्ठीला: पहाटे निघायचं, किल्ला आधी उरकायचा आणि दिवस मोकळा करायचा.

एक बारकावा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल, एक उथळ. तेव्हा तक्त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही बघा. आकडा अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर निवांत चालत जाल, दीडच्या पुढे गेला तर साधारणपणे टांगा धरावा लागेल.

किल्ल्यात अडकतात ते कसे?

पाणी एकाच गतीने चढत नाही म्हणून. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग भरतो, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात पाणी एक वीत चढतं आणि तिसऱ्या तासात अडीच फूट. पहिला तासभर काहीच घडत नाही असं वाटतं, माणूस तटावर फोटो काढत बसतो आणि मग वाट अचानक नाहीशी होते.

नियम सोपा ठेवा. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी किनारा सोडा आणि वेळ उलटून तास व्हायच्या आत परत या. किल्ला बघायला तास-सव्वा तास पुरतो, चालायला जाताना वीस मिनिटं, येताना वीस. चुकून अडकलातच तर कमरेएवढ्या पाण्यात उतरू नका. मुलांना खांद्यावर घेऊन तर मुळीच नाही. किल्ला उंचावर आहे, आत गोडं पाणी आहे, पुढच्या ओहोटीपर्यंत किंवा होडी येईपर्यंत थांबता येतं. गैरसोय होईल, जीव जाणार नाही.

वाट कशी आहे? पायात काय घालायचं?

सुरुवातीला घट्ट ओली वाळू, मग चिखलट पट्टा आणि किल्ल्याजवळ खडक. खडकांना कालवांची शिंपलं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पत्र्यासारख्या कापतात. अनवाणी जाऊ नका. साधी चप्पल चिखलात रुतते आणि पाय उचलला की तिचा अंगठा तुटतो. मागे पट्टा असलेली जुनी सँडल उत्तम. बूट घालून गेलात तर परतीच्या साडेतीन तासांत गाडीत त्यांचा वास सोसावा लागेल.

ऊन थेट अंगावर येतं, वाटेत सावलीचं नाव नाही. माणशी एक लिटर पाणी आणि टोपी.

टांग्याने जावं का?

वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा गुडघेदुखी असेल तर जरूर. बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं माणशी की टांग्याचं, एकेरी की जाऊन-येऊन, आणि परत न्यायला तो किती वाजता येणार. पैसे परत आल्यावर द्या.

किल्ल्यात पाहायचं काय? लोक म्हणतात, नुसत्या भिंती आहेत.

दहा मिनिटांत फिरून आलं तर भिंतीच दिसतील. किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि तो संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. आत शिरताना तटाकडे जवळून बघा. मोठमोठे चिरे एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना भरलेला नाही. फटींतून लाटेचं पाणी शिरतं आणि बाहेर पडतं, त्यामुळे तटावर धडकेचा सगळा भार येत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

आत गणेश पंचायतनाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. शेजारी पुष्करणी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, ती चुकवू नका. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन लोखंडी तोफा आहेत. त्या मराठ्यांच्या समजून फोटो काढले जातात, पण अंगावरचा मजकूर वाचा: इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यातल्या, साल १८४९. बाजूलाच सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला आहे.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकीट लागतं, सुटे पैसे ठेवा. कान्होजींची समाधी मात्र किल्ल्यात नाही, अलिबाग गावात आहे. जेवायला जाताना दहा मिनिटं काढा.

पुण्याहून रस्ता कुठला धरायचा?

द्रुतगती मार्ग, खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग.

घाट उतरल्यावर खोपोलीचा एक्झिट घ्या. तो चुकला तर पनवेलच्या दिशेने बराच पुढे जाल. खोपोलीहून पालीकडे आणि पेणकडे असे वेगळे रस्ते फुटतात. अष्टविनायकाच्या गर्दीमागे जाऊन पालीला लागू नका, फलकावर ‘पेण’ बघा. खोपोली ते पेण तीसेक किलोमीटर, पाऊण तास धरा. अवजड वाहतूक असते, ओव्हरटेकची घाई करू नका.

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ. इथे खरी गोम आहे. महामार्गाचा नवा वळणरस्ता तुम्हाला वडखळ नाक्याला न लावता सरळ नागोठणे-गोव्याकडे घेऊन जातो. वडखळच्या आधीच डोळे उघडे ठेवा आणि ‘अलिबाग’ फलकाच्या लेनमध्ये आधीपासून या. नकाशाची बाई सांगेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

वडखळहून धरमतरचा पूल ओलांडला की खारेपाट सुरू होतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, बांध आणि तळी. या पट्ट्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रक असतात, अंतर ठेवून चालवा. पोयनाडनंतर रस्ता अरुंद आणि वस्तीचा. कार्लेखिंड ओलांडली की अलिबाग आलंच.

ताम्हिणी घाटातून गेलं तर?

पावसाळ्यानंतर तो रस्ता डोळ्यांचं पारणं फेडतो, पण एका दिवसात दोन्ही वेळा नको. ताम्हिणी उतरून कोलाड, रोहा करत अलिबाग गाठायला वेळ जास्त लागतो, घाटात पेट्रोल पंप नाहीत, मोबाइलला रेंज जाते-येते. अंधार पडल्यावर तर टाळाच. हौस असेल तर सकाळी तिकडून जा आणि परत खोपोलीवरून या.

दुचाकीवर?

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या महामार्गाने लोणावळा-खंडाळा-खोपोली असं यावं लागतं. तासभर जास्त धरा.

परतीला वाहतूक कोंडी कधी टाळता येते?

रविवारी संध्याकाळी पुण्याकडे चढणारा घाट हमखास भरतो. कोंडी साधारण पाच ते नऊ. तेव्हा एकतर अलिबाग दुपारी तीनलाच सोडा, नाहीतर सूर्यास्त बघून, जेवून साडेआठला निघा. साडेपाचला सूर्यास्ताची घाई करून निघणारे दोन्हीकडून मार खातात: सूर्यास्तही चुकतो आणि घाटात दीड तासही जातो. द्वादशी-त्रयोदशीचा बेत असेल तर साडेआठचाच पर्याय उरतो, म्हणून त्या दिवशी चालवणाऱ्याने दुपारी अर्धा तास डुलकी काढायची तजवीज करा. शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याकडची बाजू तुंबते, तुम्ही उलट दिशेला असता, त्यामुळे जाताना त्रास कमी.

तुमच्या हातात असेल तर मंगळवार-बुधवारी जा, पण मंगळवारी चतुर्थी नाही ना ते बघून. अंगारकीला पालीकडे जाणाऱ्या गाड्यांनी खोपोली गजबजते.

गाडीत आधी काय तपासायचं?

टायरची हवा थंड टायरमध्ये, म्हणजे घराजवळच्या पंपावर. तीस किलोमीटर पळवून मोजली तर आकडा दोन-चार पीएसआयने जास्त दिसतो आणि तुम्ही उगाच हवा सोडता. स्टेपनीतही हवा बघा, ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. वायपरचं पाणी भरा: खाऱ्या वाऱ्याने काचेवर पुटं चढतात आणि परतीला समोरच्या दिव्यांत काही दिसत नाही. फास्टॅगमध्ये पाचशे रुपये तरी असू द्या.

इंधन: जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, स्थानिक फिरणं ३०. गाडी लिटरला १५ देत असेल तर २२ लिटर, घाट आणि कोंडी धरून २५. सीएनजी असेल तर आदल्या रात्रीच भरा, शनिवारी सकाळी पंपावरची रांग तुमची ओहोटी खाऊन टाकते.

इलेक्ट्रिक गाडी पोचेल का?

पोचेल, पण परतीचा हिशेब वेगळा ठेवा. खोपोलीहून लोणावळ्याला साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. दीड टनाच्या गाडीला त्या चढासाठीच अडीच-तीन युनिट जादा लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. अलिबागेत जेवताना चार्जिंग करता आलं तर उत्तम, नाहीतर खोपोलीला निदान ३५ टक्के बॅटरी शिल्लक असू द्या.

घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो, का?

टॉप गिअरमध्ये राहून सतत ब्रेकवर पाय ठेवल्यामुळे. ब्रेक तापले की पकड कमी होते आणि ते कळतं ऐन वळणावर. उतार सुरू होण्याआधीच तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये या, इंजिनालाच गाडी रोखू द्या. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ किंवा हाताने गिअर बदलायची सोय वापरा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये पाय काढला की इंधन बंदच होतं. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबा, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका.

गाडी वाळूवर नेली तर चालेल ना? सगळे नेतात.

सगळे नेतात आणि त्यांतल्या काही गाड्या ट्रॅक्टरने बाहेर येतात. पुळणीवर वाहन न्यायला बंदी आहे, पोलीस कारवाईही करतात. तरी प्रश्न इतका विचारला जातो की रुतलेली गाडी काढायची कशी, ते सांगून ठेवतो.

चाक फिरलं की पाय काढा. ॲक्सिलरेटर दाबला की चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते, मग माणसांनी ढकलून हलत नाही. सगळ्यांना उतरवा. चारही चाकांच्या पुढची वाळू हाताने बाजूला करा. टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. पायातले मॅट काढून इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांच्याखाली सरकवा. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडा, दोघांनी मागून ढकला. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. भरती सुरू झाली असेल तर पहिल्याच प्रयत्नानंतर. भावात घासाघीस करायची वेळ ती नव्हे. हवा कमी केलेली गाडी तशीच महामार्गावर नेऊ नका, आधी पंप गाठा.

पोहायला कुठला किनारा बरा?

अलिबागचा किनारा चिखलट आहे, पोहण्यासाठी मजा नाही. अक्षी किंवा नागाव बरे, दोन्ही गावापासून दहा किलोमीटरच्या आत, सुरूची सावली आहे. भरती चढत असताना, गुडघ्या-मांड्यांपर्यंतच उतरा. ओहोटीत पाणी बाहेर ओढतं. जून ते ऑगस्ट पाण्यात पाऊलही नको.

काशिद किंवा मुरूड-जंजिराही त्याच दिवशी उरकता येईल?

जंजिरा नाही. अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर, अरुंद वळणांचा रस्ता, वर होडीची रांग. काशिद तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन दोन तास. जायचंच असेल तर कुलाबा सोडा. ओहोटी गैरसोयीची असेल तर मात्र रेवदंडा-कोर्लई हा चांगला पर्याय आहे: रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आत वसलेलं गाव, खाडीपुलापलीकडे कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह. कोर्लईतल्या काही कुटुंबांत आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली बोलतात.

जेवण कुठे, काय?

नावं सुचवत नाही, आचारी बदलला की चव बदलते. दोन गोष्टी पाळा. साडेबारालाच बसा, दीडनंतर ताटासाठी तास जातो आणि भाकरी संपते. आणि ‘आज ताजं काय?’ हे विचारून मगच मागवा, सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. मांदेली, बोंबील, बांगडा ताजे असतील तर त्यांच्यासारखं काही नाही. खारेपाटातल्या तळ्यांत आणि खाडीत मिळणारा जिताडा दिसला तर सोडू नका, तो पुण्यात सहसा मिळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताटातली सुरमई बर्फातली समजा. खाडीची कोलंबी किंवा सुकं मागवा.

शाकाहारींनी घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक सांगावेत. ऐनवेळी मिळत नाहीत.

पांढरा कांदा कधी, कुठे घ्यायचा?

फेब्रुवारी ते मे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, तो कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव या भागात भातानंतर घेतात. कार्लेखिंडीपासून रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतील. सुट्टा, मोठा, चकचकीत पांढरा कांदा बहुधा बाहेरचा असतो. इथला कांदा पातीच्या वेणीत गुंफलेला, आकाराने मध्यम. एक फोडून चाखा: गोडसर लागला पाहिजे, डोळ्यांना झोंबता कामा नये. माळ गाडीत सपाट ठेवा, वर सामान ठेवू नका. घरी हवेशीर जागी टांगा, पिशवीत कोंडलात तर कुजतो.

गावात अजून काही?

किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांमुळे तिथल्याच कुलाबा भागातल्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे आणली. वेधांच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. आत सहज सोडत नाहीत, पण बाहेरून जाताना मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ आहे.

पावसाळ्यात जावं का?

किल्ल्यासाठी नको. ओहोटीतही लाटा वाटेवर येतात. घाटात धुकं, दरडी. हिरवाईसाठी जाणार असाल तर डोंगरावरच्या कनकेश्वर देवळाच्या पायऱ्या चढा आणि उजेडात घाट गाठा.

ताजे मासे पुण्यापर्यंत नेता येतात?

येतात. बाजार सकाळचा असतो, दुपारी उरलंसुरलं मिळतं, म्हणून किल्ल्यावरून आल्या आल्या घ्या. तिथेच साफ करून घ्या, पोटातली घाण आधी कुजते. थर्माकोलच्या खोक्यात तळाला बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ. वजनाला वजन, म्हणजे दोन किलो माशांना दोन किलो फोडलेला बर्फ. मासे पिशवीत बांधून मग बर्फात ठेवा, वितळलेल्या पाण्यात ते भिजत राहिले तर मऊ पडतात. संध्याकाळी निघताना पाणी काढून नवा बर्फ टाका. सुकट-बोंबील दुहेरी पिशवीत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा. हे विसरलात तर पुढचा महिनाभर गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारेल, कुठे जाऊन आलात.

घरी आल्यावर गाडीला काही करायचं?

किनाऱ्याजवळ दिवसभर उभी होती तर दुसऱ्या दिवशीच साध्या पाण्याने धुवा, आधी खालची बाजू आणि चाकांच्या कमानी. वाळू ओल्या फडक्याने पुसू नका, रंगावर ओरखडे पडतात. पाण्याच्या धारेनेच काढा. सकाळी पहिल्यांदा निघताना ब्रेक लावल्यावर खरखर आवाज आला तर घाबरू नका, डिस्कवर रात्रीत चढलेला गंज असतो, चार-पाच वेळा ब्रेक लावला की जातो. तरीही गेला नाही तर खडा अडकलेला असू शकतो, चाक काढून बघायला सांगा.